नाक जोडणाऱ्या कुंभाराचं नाव कुठे गेलं?

प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की लगेच सुश्रुत पुढे केला जातो. २०१४ मध्ये तर पंतप्रधानांनी मुंबईत डॉक्टरांसमोर गणपतीच्या मस्तकाचाच दाखला दिला. मित्रांनो, पुराणं बाजूला ठेवा. लेखी नोंद असलेली घटना आपल्या पुण्याजवळची आहे.

कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा माणूस इंग्रज फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. (ही नोंद कंपनीच्या बाजूची आहे, हे ध्यानात असू द्या.) वर्षभराहून जास्त काळ तो नाकाविना राहिला. मग त्याला नवं नाक बसवलं ते वीट बनवणाऱ्या जातीच्या माणसानं, म्हणजे कुंभारानं.

त्यानं आधी मेणाचं पातळ नाक बनवून मापाला लावलं. तेच सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. दोन डोळ्यांमधली पट्टी मात्र तोडली नाही, कारण रक्त तिथूनच पोचणार होतं. कातडी फिरवून खाली बसवली, वर काथाच्या चिंध्या ठेवल्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली. आत हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नव्हता. आज बरगडीची किंवा कानाची कूर्चा घालून तो उभा करतात.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासह छापून आलं. त्यावरून कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये तिथं हीच शस्त्रक्रिया केली.

आता मुद्द्याचं. सुश्रुतसंहितेत कातडी गालाची आणि माप पानाचं. इथे कातडी कपाळाची आणि माप मेणाचं. माझ्या मते ही विद्या पोथीतून नव्हे, हातातून हातात आली. मनुस्मृती तर वैद्याचं अन्न पुवासारखं अपवित्र ठरवते! रक्त-पू हाताळणाऱ्याला बाटलेला म्हणायचं आणि कौशल्य जगभर गाजलं की श्रेय ऋषीला द्यायचं. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं. पुण्याच्या या कुंभाराइतकं त्याचं उघड उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

त्या अंकात बैल हाकणाऱ्याचं नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांची नावं आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची फक्त जात आहे. आमच्या जालन्यात वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या पोरांना शाळेत सुश्रुत शिकवा, हरकत नाही. पण शेजारी कावसजीचं चित्रही लावा आणि खाली लिहा : सर्जन, पुण्याजवळचा एक कुंभार.