सरासरीवर पेरणी होत नाही : मान्सूनच्या अंदाजाचा बहुस्तरीय इतिहास

२०२३ च्या मान्सूनचा हिशेब एका आकड्यात मांडता येतो : देशात दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. आकडा फारसा चिंताजनक वाटत नाही. परंतु त्याच हंगामात जुलैमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक पाऊस पडला, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के अधिक. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. हंगामाचा स्तर एक गोष्ट सांगतो, महिन्याचा स्तर दुसरी, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

गुंतागुंतीच्या प्रणालीचा विचार अनेक स्तरांवर करावा लागतो, हे वाक्य आज प्रत्येक विद्याशाखेत ऐकू येते. त्याचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायचे तर मान्सूनच्या अंदाजाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहावा.

त्या इतिहासाची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि लगेच १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने त्याच्यापुढे प्रश्न ठेवला : पाऊस दडी मारणार हे आधी कळू शकेल का? विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा पुढच्या पावसाशी संबंध जोडला. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त, तर मान्सून दुबळा, असे त्यांचे १८८४ मधील प्रतिपादन होते. १८८६ पासून नियमित अंदाज निघू लागले. मात्र १८९९ मध्ये चांगल्या पावसाचे भाकीत झाले आणि प्रत्यक्षात आला तो गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात राहिलेला भीषण दुष्काळ. उपखंडापुरते पाहून उपखंडाचा पाऊस कळत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

१९०४ मध्ये विभागाची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. १९१३ मध्ये मद्रासच्या भेटीत रामानुजन यांची वही पाहून त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीची शिफारस करणारे वॉकर ते हेच. हवामानशास्त्राचे शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने सारे जग एकच प्रणाली मानून आकडेमोड आरंभली. जगभरच्या केंद्रांवरील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे सहसंबंध भारतीय कारकुनांनी वर्षानुवर्षे हाताने काढले. त्यातून १९२० च्या दशकात एक विलक्षण चित्र उमटले : पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, आणि उलटही घडते. वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले.

हे असे का घडते, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते. कारणाचा आधार नसलेले सहसंबंध कालांतराने क्षीण होतात. त्यांच्या अनेक सूत्रांचे तेच झाले. पुढे १९५३ मध्ये विभागाचे माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी एक मार्मिक निरीक्षण मांडले. मान्सूनचा संबंध जगात त्याच्या आधी घडणाऱ्या घटनांपेक्षा नंतर घडणाऱ्या घटनांशी अधिक घट्ट दिसतो. म्हणजे भारताचा पाऊस जगाच्या हवामानाने केवळ घडवला जात नाही, तो जगालाही घडवतो. स्तरांमधली वाट दुतर्फा असते, याची ही स्पष्ट जाणीव होती.

वॉकर यांच्या कोड्याची उकल १९६९ मध्ये झाली. याकोब ब्येर्कनेस यांनी दक्षिणी आंदोलन आणि पेरूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना ठाऊक असलेला एल निनो यांना एका सूत्रात गुंफले. समुद्राचे तापमान वाऱ्यांना बदलते आणि वारे समुद्राला. वातावरणशास्त्राने जे एकट्याने शोधले होते, त्याचा उलगडा समुद्रविज्ञानाशी हातमिळवणी झाल्यावरच झाला.

तरीही मधला एक स्तर रिकामाच होता. हंगाम चार महिन्यांचा, हवामान चार दिवसांचे. मग पंधरा-वीस दिवसांचा खंड कुठून येतो? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. आर. सिक्का आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांनी १९७३ ते १९७७ या काळात टिपलेली ढगांची दैनंदिन चित्रे अभ्यासली. विषुववृत्तालगतच्या समुद्रावर जन्मलेले ढगांचे पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत भूमीवर येतात, हे त्यांनी १९८० मध्ये दाखवले. पावसाची ओढ आणि त्याचे पुनरागमन यांचे रहस्य या मधल्या स्तरावर दडले होते.

इथे माझ्या विषयातील, भौतिकशास्त्रातील एक विचार आठवतो. फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये असा युक्तिवाद केला की घटकांचे नियम ठाऊक झाले म्हणजे समूहाचे वर्तन आपोआप हाती येत नाही. प्रत्येक स्तरावर नवे नियम उदयास येतात आणि त्यांचा शोध तितकाच मूलभूत असतो. पाण्याच्या रेणूचे समीकरण अचूक मांडले, तरी त्यातून ऑगस्टमधला खंड वाचता येत नाही.

वरचा स्तरही एकटा पुरत नाही. १९९७ मध्ये विसाव्या शतकातील अतिप्रबळ एल निनोंपैकी एक असूनही भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ मध्ये एल निनो त्याहून सौम्य होता, अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, आणि जुलैमध्ये निम्म्याच्या आसपास तूट येऊन देश दुष्काळात सापडला. पॅसिफिकइतकेच लक्ष हिंदी महासागराकडेही द्यावे लागते, हे त्यानंतर अधिक ठळकपणे उमगले.

सुलोचना गाडगीळ ढगांपाशी थांबल्या नाहीत. आंध्रातील अनंतपूर परिसरात पावसावर भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न निश्चित केले. पेरणी नेमकी केव्हा केल्यास धोका कमी, याचे उत्तर त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचे प्रारूप एकत्र आणून शोधले. २००६ मध्ये गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह त्यांनी अर्थव्यवस्थेचा स्तर तपासला. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा दशकानुदशके घटत गेला, तरी तीव्र दुष्काळाचा फटका मात्र उत्पन्नाच्या २ ते ५ टक्केच राहिला. शिवाय चांगल्या पावसाने होणारा लाभ, अवर्षणाने होणाऱ्या हानीची बरोबरी करत नव्हता. सरासरी काढताना जास्त आणि कमी एकमेकांना खोडून काढतात. शेतात आणि तिजोरीत तसे होत नाही.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. अंदाजाच्या जाळीची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. ही मोठी झेप आहे आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. परंतु चौकट लहान केली की स्तर जोडले जातात, असा समज इतिहास खोडून काढतो. बर्फाकडून दाबाकडे, दाबाकडून समुद्राकडे, समुद्राकडून ढगांच्या पट्ट्यांकडे आणि तिथून भुईमुगाच्या शेताकडे नेणारे प्रत्येक पाऊल कोणीतरी आपल्या विषयाची हद्द ओलांडून टाकलेले आहे. संगणकाची शक्ती त्या पावलाला वेग देते. ते कुठे टाकायचे, हे प्रश्न विचारणारा माणूस ठरवतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी ‘यंदा इतके टक्के पाऊस’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : हे उत्तर कोणत्या स्तरावरचे आहे आणि कोणाच्या प्रश्नाचे? देशाची ८७ सेंटीमीटरची सरासरी अर्थखात्याला उपयोगी असेल. बियाणे हाती घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पुढचे वीस दिवस हवे असतात. ते वीस दिवस अजून आपल्याला नीट देता येत नाहीत. ते देण्याचे काम तुमच्या पिढीची वाट पाहत आहे.