‘कलीग’ कोणाला म्हणायचं?

आज आपण एकाच शब्दाचा इतिहास पाहणार आहोत. शब्द अगदी रोजचा आहे, ‘कलीग’. ऑफिसात जाणारा माणूस तो दिवसातून दोनचार वेळा तरी वापरतो. कोशात पाहिलं तर समानार्थी शब्दांची रांग लागते: असोसिएट, पार्टनर, कम्पॅनियन, कॉम्रेड, फेलो, को-वर्कर. मराठीत आपण यातल्या बहुतेकांना ‘सहकारी’ म्हणून मोकळे होतो. पण हे शब्द एका घरातले नाहीत. माणसं कशासाठी एकत्र आली, याचं प्रत्येक शब्दाच्या पोटात वेगळं कारण आहे.

‘कम्पॅनियन’ घ्या. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे पाव. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला ‘पाव’ याच वंशातला, बरं का. एका पावात वाटेकरी असलेला तो कम्पॅनियन. ‘कंपनी’ हा शब्दही तिथूनच निघाला. म्हणजे आपल्यावर राज्य करून गेलेल्या कंपनी सरकारच्या नावातसुद्धा मुळात एकत्र जेवणंच होतं! ‘कॉम्रेड’ स्पॅनिश ‘कामारादा’वरून आला. त्याचा अर्थ एका खोलीत राहणारे, मुख्यतः शिपाईगडी. मुंबईच्या गिरणगावात हा शब्द कम्युनिस्ट पुढाऱ्यांमुळे रुळला. पण चाळीतल्या एकाच खोलीत पाळीपाळीने पाठ टेकणारे गिरणी कामगार मूळ अर्थानेही कॉम्रेडच होते. ‘फेलो’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. तिथे ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, आणि त्या काळी गुरं हीच संपत्ती. आपापली संपत्ती एकत्र घालणारे ते फेलो. ‘पार्टनर’ म्हणजे सरळ सरळ वाटेकरी.

पाव, खोली, गुरं, वाटा. मग ‘कलीग’च्या पोटात काय आहे?

लॅटिन शब्द आहे ‘कोल्लेगा’, म्हणजे सोबत नेमलेला. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात आला. रोमच्या प्रजासत्ताकात दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि ते एकमेकांचे कोल्लेगा असत. दोघांचा अधिकार सारखाच. एकाने काही ठरवलं तर दुसरा ते अडवू शकत असे. राजेशाही घालवून बसलेल्या रोमनांना पुन्हा एका माणसाच्या हाती सगळं द्यायचं नव्हतं. म्हणजे बघा, ‘कलीग’ शब्दाच्या मुळाशी गोडीगुलाबी नाही. मला ‘थांब’ म्हणण्याचा ज्याला हक्क आहे, तो माझा कलीग.

हा हक्क मोडला की काय होतं, तेही रोमनेच दाखवलं. इ.स.पू. ५९ मध्ये ज्युलियस सीझर आणि बिबुलस हे दोघे कॉन्सल होते. सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला बिबुलसने विरोध केला, तेव्हा त्याला फोरममधून अक्षरशः हुसकावून लावलं. उरलेलं वर्ष तो घरी बसला आणि ‘शकुन वाईट आहेत’ असे जाहीरनामे काढत राहिला. रोमन लोक थट्टेने म्हणू लागले की यंदाचे दोन कॉन्सल म्हणजे एक ज्युलियस आणि दुसरा सीझर! कागदावर कलीग होता, पण त्याचं ‘थांब’ ऐकणारं कोणी नव्हतं.

इथवरची कथा सत्ताधाऱ्यांची झाली. या शब्दाला दुसरीही एक शाखा आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कोल्लेगांचा समूह म्हणजे ‘कोल्लेगियुम’. सुतारांचे, व्यापाऱ्यांचे, गोरगरिबांचेही असे समूह असत. रोमच्या दक्षिणेला लानुवियुम नावाचं गाव आहे. तिथे अशाच एका समूहाचे नियम शिलालेखात सापडले आहेत, साल इ.स. १३६. आपल्या भाषेत सांगायचं तर ही अंत्यविधीची भिशी होती. प्रवेशाला १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण, पुढे दरमहा ५ आस ही वर्गणी. सभासद वारला की त्याच्या अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स, त्यातले ५० चितेपाशी आलेल्यांना वाटायचे. सभासद गावापासून २० मैलांपलीकडे वारला, तर तिघांनी तिथे जाऊन सगळं नीट पार पाडायचं.

या भिशीत गुलामही सभासद होते. गुलाम वारला आणि मालकाने प्रेत द्यायला आडमुठेपणाने नकार दिला तर? त्याचीही तरतूद आहे. अशा वेळी समूहाने प्रेताशिवाय त्याचा प्रतीकात्मक अंत्यविधी करायचा. कायद्याने जो माणूस मालकाची वस्तू होता, त्याला निरोप देण्याचं बंधन इतर सभासदांनी स्वतःवर घेतलं होतं. दर्जा सारखा नव्हता, पण बांधिलकी सारखी होती.

आता आजचा वापर पाहा. इंग्रजीत ‘कलीग’ हा सहसा पांढरपेशा कामातला शब्द झाला. वकील वकिलाला, डॉक्टर डॉक्टरला कलीग म्हणतो. कारखान्यातल्याला को-वर्कर किंवा वर्कमेट. म्हणजे रोमन शब्दाच्या दोन शाखांपैकी कॉन्सलची शाखा टिकली, लानुवियुमची गळून गेली. आपलं ‘कॉलेज’ही कोल्लेगियुमवरूनच आलं. कॉलेज म्हणजे मुळात इमारत नव्हे, कलीग मंडळींचा समूह.

या जागी मला स्वतःबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या कॉलेजात एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. एकत्र नोकरी सव्वीस वर्षं. माझे वडील गेले त्या रात्री पहिल्यांदा दारात आले ते मामा. तिरडी त्यांनी बांधली, स्मशानातली पावती त्यांनी केली, आणि ‘सर, तुम्ही बसा’ म्हणून मला बाकावर बसवलं. विभागातले प्राध्यापक दुसऱ्या दिवशी भेटायला आले.

पुढे माझा निरोप समारंभ झाला. भाषणात मी म्हणालो, ‘माझ्या सर्व सहकाऱ्यांचे आभार, आणि शिपाई वर्गाचेही.’ टाळ्या झाल्या. मामा मागे चहाचे कप भरत होते. आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं, समतेवर तास घेतले, आणि एका ‘ही’ने मामांना सहकाऱ्यांच्या यादीबाहेर ठेवलं. त्या वेळी मला ते कळलंसुद्धा नाही. लानुवियुमचे नियम वाचताना, अनेक वर्षांनी, कळलं. तोवर मामा गेले होते. कधी गेले, हेही मला उशिरा समजलं. त्यांच्या अंत्यविधीला मी नव्हतो.

म्हणून कोशातले समानार्थी शब्द पाहताना मी आता दोन प्रश्न विचारतो. हा माणूस मला ‘थांब’ म्हणू शकतो का? आणि तो गेला तर मला जायलाच हवं, असं मला वाटतं का? मामा मला थांबवू शकत नव्हते, तशी सोय आमच्या कॉलेजात नव्हतीच. दुसरा प्रश्न मात्र पूर्णपणे माझ्या हातातला होता.

इथे थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.