दोन मैलांवरची दोन गावं : मॉरिस बर्कबेक यांचा कुलवृत्तांत



आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची जुनी हौस आहे. मूळ पुरुष कोण, गाव कुठून सुटलं, कोण दत्तक गेलं, कोण परगावी स्थायिक झालं, हे सगळं त्यात नीट मांडलेलं असतं. भांडणं मात्र सहसा नसतात. असलीच तर ‘काही कारणाने दोन्ही शाखांत दुरावा आला’ एवढ्या एका वाक्यात ती उरकतात. आज आपण एका इंग्रज शेतकऱ्याचा कुलवृत्तांत वाचणार आहोत. त्यातही असंच एक वाक्य आहे. ते वाक्य किती खरं मानायचं, आणि घराण्याच्या इतिहासात महत्त्वाचं नेमकं काय असतं, हे दोन प्रश्न आजच्यापुरते समोर ठेवू.

मॉरिस बर्कबेक यांचा जन्म १७६४ सालचा, यॉर्कशरमधल्या सेटल या गावचा. घराणं क्वेकर पंथाचं. या पंथाला चर्चची उतरंड मान्य नाही, पुरोहित मान्य नाही, आणि चर्चला द्यायचा दशमांशही मान्य नाही. तरुणपणी बर्कबेक दक्षिणेला सरे परगण्यात आले आणि वॉनबरो इथे सुमारे १,५०० एकर जमीन कसू लागले. १,५०० एकर हा आकडा ऐकून आपल्याकडचा शेतकरी थक्क होईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या, ही जमीन त्यांची नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर ते कूळ होते. मोठं, सुखवस्तू, सुधारक वृत्तीचं, मेरिनो मेंढ्या पाळणारं, पण कूळच.

कूळ असणं म्हणजे त्या काळी इंग्लंडमध्ये काय? परगण्यातल्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क स्वतःच्या मालकीची जमीन असणाऱ्याला होता. कुळांना तो पुढे १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर मिळू लागला. म्हणजे बर्कबेक कर भरत होते, पण तो कर ठरवणाऱ्या पार्लमेंटवर कोण जाणार यात त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. वर ज्या चर्चला आपण मानत नाही त्या चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १८०४ मध्ये पत्नी गेली, पदरात सात मुलं. या मुलांना आपण काय ठेवून जाणार? मुदत संपली की मालकाकडे परत जाणारा एक भाडेपट्टा!

१८१४ मध्ये, नेपोलियनच्या युद्धात जरा उसंत मिळाली तेव्हा, बर्कबेक फ्रान्स पाहायला गेले. बरोबर होता जॉर्ज फ्लॉवर, त्यांच्याहून चोवीस वर्षांनी लहान. जॉर्जचे वडील रिचर्ड फ्लॉवर हे हर्टफर्डचे मद्य-उत्पादक, पुढे शेतीकडे वळलेले. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर बरीच जमीन कसणाऱ्यांच्या मालकीची झाली होती. तिथला साधा शेतमजूर आपल्या इंग्लंडमधल्या मजुरापेक्षा बरा जगतो, असं बर्कबेकना दिसलं आणि त्यांनी ते प्रवासवर्णनात लिहिलं. पाठोपाठ १८१५ मध्ये युद्ध संपलं आणि धान्याचे भाव कोसळले. १८१६ चा उन्हाळा तर असा थंड गेला की युरोपभर पिकं बुडाली. जॉर्ज त्याच वर्षी अमेरिकेला गेला आणि माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचा पाहुणा झाला. १८१७ च्या वसंतात बर्कबेक यांनीही वॉनबरो सोडलं. वय त्रेपन्न. बरोबर दोन मुलगे, दोन मुली, आणि मुलींच्या सोबतीला एलायझा ज्युलिया अँड्र्यूज ही पंचविशीतली तरुणी.

जहाज व्हर्जिनियाला लागलं. तिथे भर रस्त्यात दोन गुलाम स्त्रियांचा मुलांसकट लिलाव होताना त्यांनी पाहिला आणि हा तिथला नित्याचा प्रकार असल्याची नोंद केली. गुलामगिरी असलेल्या प्रदेशात घर करायचं नाही, हे ठरलेलंच होतं. आता ते पक्कं झालं. जॉर्ज वाटेत येऊन मिळाला आणि सगळे ॲलेगेनी पर्वत ओलांडून पश्चिमेला निघाले, ते वाबाश नदीच्या पलीकडे इलिनॉयच्या गवताळ माळापर्यंत.

हा माळ त्यांनी का निवडला? अमेरिकन वसाहतकार जंगल तोडून शेती करायचे. ज्या जमिनीवर झाड नाही ती सकस नसणार, असा त्यांच्यात समज होता. बर्कबेकना उलट वाटलं. कुऱ्हाड न चालवता नांगर घालता येईल अशी तयार जमीन! जंगलात एक माणूस आयुष्यभर खपून जेवढं शेत मोकळं करतो, तेवढं इथे पहिल्या दिवशीच समोर आहे. त्यांचं म्हणणं पुढे खरं ठरलं, पण लगेच नाही. गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट की नांगराला बैलांच्या कित्येक जोड्या लागायच्या. पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या. उन्हाळा सरता सरता थंडीतापाने माणसं झोपायची.

आणि आणखी एक गोष्ट, जी बर्कबेक यांच्या हिशेबात आली नाही. हा माळ रिकामा नव्हता, रिकामा केला गेला होता. पियांकशॉ जमातीकडून अमेरिकन सरकारने वाबाशकाठचा हा प्रदेश तहाने काढून घेतला, तो १८०५ मध्ये. म्हणजे बर्कबेक येण्याआधी अवघी बारा वर्षं. जमीनदाराला कंटाळून निघालेला शेतकरी सरकारी कचेरीत दोन डॉलर एकराने जमिनीचा मालक झाला. त्या दराच्या मागे दुसऱ्या कुणाचं तरी विस्थापन होतं, हे आपण इथे नोंदवून ठेवू.

आता ते दुराव्याचं वाक्य. प्रवासातच बर्कबेक यांनी एलायझाला मागणी घातली, असं परंपरेने सांगितलं जातं. तिने जॉर्जशी लग्न केलं, १८१७ मध्येच, व्हिन्सेन्सला. जॉर्जचं पहिलं लग्न इंग्लंडमध्ये झालेलं होतं. ते मोडलं होतं, पण त्या काळी पूर्ण घटस्फोटाला पार्लमेंटचा स्वतंत्र कायदाच लागे. जॉर्ज आणि एलायझा माणसं आणि पैसा आणायला इंग्लंडला गेले. १८१८ मध्ये आई-वडील, भावंडं आणि नवे वसाहतकार घेऊन परत येतात तर काय, बर्कबेक बोलायला तयार नाहीत! जमिनीचे आणि पैशाचे हिशेब मध्यस्थांमार्फत झाले. ज्या दोघांनी एका नकाशावर डोकं घालून वसाहत आखली, त्यांनी दोन मैलांच्या अंतरावर दोन गावं वसवली. फ्लॉवरांचं अ‍ॅल्बियन आणि बर्कबेकचं वॉनबरो. सरेमधलं सोडलेलं नाव त्यांनी इथे पुन्हा लावलं.

या भांडणाचा पुरावा काय? मुख्य पुरावा जॉर्ज फ्लॉवर यांनी लिहिलेला वसाहतीचा इतिहास. तो लिहून झाला १८६० च्या सुमारास, म्हणजे चाळीस वर्षांनी. छापला गेला १८८२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्यात बर्कबेक यांच्याबद्दल आदर आहे, पण दुराव्यात आपलं काय चुकलं असेल, याचा शोध नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की साक्षीदार प्रामाणिक असणं आणि साक्ष पुरेशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे त्याचं उत्तम उदाहरण सापडतं. दुसरा पक्ष तोवर कधीच मरून गेलेला. एलायझाची बाजू तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही. कुलवृत्तांत बहुधा मागे उरलेले लिहितात. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण एका खिडकीतून दिसणारं ते दृश्य आहे, एवढं भान ठेवावं.

इकडे बर्कबेक यांची पुस्तकं इंग्लंडमध्ये गाजत होती. १८१८ मध्ये त्यांची इलिनॉयहून लिहिलेली पत्रं छापली आणि अनेक कुटुंबं निघाली. कवी कीट्सचा भाऊ जॉर्ज याच वसाहतीच्या ओढीने निघाला होता, पुढे केंटकीत स्थिरावला. विल्यम कॉबेट यांनी मात्र, हा माणूस भोळ्या शेतकऱ्यांना रानात ओढतो आहे, अशी कडक टीका केली. दोघांनाही थोडं थोडं खरं दिसलं होतं.

पण बर्कबेक यांच्या आयुष्यातलं मोठं काम शेतीचं नाही. इलिनॉय १८१८ मध्ये राज्य झालं. घटनेने नव्याने गुलाम आणायला बंदी केली, तरी पळवाटा होत्या. जुन्या फ्रेंच वसाहतकारांचे गुलाम कायम राहिले, कराराच्या नावाखाली लोकांना वर्षानुवर्षं बांधून ठेवलं जाई. १८२२ मध्ये एडवर्ड कोल्स गव्हर्नर झाले. हे मूळचे व्हर्जिनियाचे. वारशाने आलेले गुलाम त्यांनी १८१९ मध्ये इलिनॉयला येताना ओहायो नदीवर मुक्त केले होते. बर्कबेक यांची आणि त्यांची लंडनपासूनची ओळख. विरोधकांनी विधिमंडळात ठराव आणला, नवी घटनासमिती बोलवा. हेतू उघड होता, गुलामगिरीला दार उघडायचं. निर्णय मतदारांवर सोपवला गेला आणि दीड वर्ष राज्यभर प्रचाराची धुमश्चक्री चालली.

बर्कबेक ‘जोनाथन फ्रीमन’ या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रं लिहू लागले. त्यांची भाषा साध्या शेतकऱ्याला कळणारी. गुलामगिरी पाप आहे, हे ते सांगतच, पण तेवढ्यावर थांबत नसत. ती आली तर स्वतःच्या हाताने राबणाऱ्या लहान शेतकऱ्याचं काय होईल, हा हिशेबही ते मांडत. २ ऑगस्ट १८२४ रोजी मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ४,९७२, विरुद्ध ६,६४०. फरक फक्त १,६६८ मतांचा. हे यश एकट्या बर्कबेक यांचं नाही. कोल्स होते, धर्मोपदेशक होते, अ‍ॅल्बियनचे फ्लॉवरही होते. एकमेकांशी न बोलणारी ती दोन गावं या एका प्रश्नावर एकाच बाजूला उभी राहिली, हे मुद्दाम सांगायला हवं. इंग्लंडमध्ये ज्याला मत नव्हतं, त्याच्या लेखणीचा मतपेटीवर असा परिणाम झाला.

याची किंमतही मोजावी लागली. कोल्स यांनी बर्कबेकना राज्याचे सचिव नेमलं. काम चोख होतं, पण विधिमंडळातल्या विरोधकांनी तीनेक महिन्यांतच नेमणूक नामंजूर केली. जून १८२५ मध्ये न्यू हार्मनीला रॉबर्ट ओवेन यांना भेटून परतताना, मुलगा ब्रॅडफर्ड बरोबर असताना, पुराने फुगलेल्या फॉक्स नदीत ते बुडाले. वय एकसष्ट.

पुढे काय झालं? बर्कबेक यांची मुलं पांगली, मुलगे मेक्सिकोला गेले. वॉनबरो हे गाव हळूहळू ओस पडलं. अ‍ॅल्बियन अजून आहे. जॉर्ज फ्लॉवर यांनी शेतावर काळ्या कुटुंबांना आसरा दिला होता. माणसं पळवून दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्यांचा त्रास इतका झाला की १८२३ मध्ये त्यांना हैतीला पाठवण्याची व्यवस्था जॉर्जना करावी लागली. गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणजे सुरक्षित राज्य नव्हे, हा त्यातला धडा. जॉर्जची संपत्ती पुढे सरली. तो आणि एलायझा १५ जानेवारी १८६२ या एकाच दिवशी वारले. त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड १८२४ मध्ये इंग्लंडला परतला, त्याने स्ट्रॅटफर्डला बिअरचा कारखाना काढला. एडवर्डच्या एका मुलाने, चार्ल्सने, तिथे शेक्सपिअरचं स्मारक नाट्यगृह उभं केलं. दुसरा, विल्यम, लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक झाला.

रूढ मोजपट्टी लावली तर फ्लॉवर घराणं यशस्वी आणि बर्कबेक घराणं विखुरलेलं, असा निकाल लागेल. नाट्यगृह दिसतं, गाव नकाशावर दिसतं. १८२४ च्या त्या १,६६८ मतांच्या फरकामुळे ज्यांना साखळदंड पडले नाहीत, त्यांची नावं कुठल्याच वंशवेलीत नाहीत, कारण न घडलेल्या अन्यायाची नोंद होत नसते. आम्हाला वाटतं, बर्कबेक यांचा खरा वारसा तोच आहे. जमीन मुलांसाठी घेतली, ती टिकली नाही. परक्यांसाठी लिहिलेली पत्रं कामी आली.

तेव्हा आपल्या घरचा कुलवृत्तांत कधी हातात घ्याल तर दोन गोष्टी जरूर बघा. ‘काही कारणाने दुरावा आला’ हे वाक्य कोणी लिहिलं आहे, आणि दुसरी बाजू सांगायला कोणी उरलं होतं का? आणि आपल्या माणसाने घराबाहेरच्या कुणासाठी काय केलं, याला त्यात एखादी तरी ओळ मिळाली आहे का? नसेल तर ती ओळ आपण लिहावी.

इथे थांबतो.