झाडाच्या शेंड्यावरचा डास

पाऊस लागला की आपण डासांच्या नावाने बोटे मोडतो. घरामागचे डबके, उघडा रांजण, तिथे डास होतात, हे आता शाळेतले पोरही सांगेल. पण रानातला डास कुठे राहतो, असे कुणी विचारले तर? आपण म्हणू, रानात, सगळीकडे. हे उत्तर बरोबर नाही. ते कळायला पुष्कळ माणसांचे प्राण गेले. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

हकिकत दक्षिण अमेरिकेतली आहे, पीतज्वराची. या रोगात ताप येतो, डोळे पिवळे होतात, दुखणे वाढले तर काळी ओकारी होऊन रोगी दगावतो. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 साली सांगितले की, हा रोग डास पसरवतो. लोकांनी ते हसण्यावारी नेले. पण 1900 साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. तो डास म्हणजे इडिस इजिप्ती. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा डास तो हाच. घरात साठवलेले पाणी त्याला आवडते. मग काय, रांजण झाकले, टाक्या झाकल्या, आणि 1901 साली हवाना शहरातून पीतज्वर हटला. पुढे पनामाच्या कालव्यावरूनही हटला. सगळ्यांना वाटले, आता हा रोग संपलाच.

पण 1932 साली ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो प्रांतात, कनान नावाच्या खोऱ्यात, शेतकरी पीतज्वराने आजारी पडू लागले. फ्रेड सोपर आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. घरे धुंडाळली. इडिस इजिप्ती कुठेच नाही! डास नाही आणि रोग मात्र आहे, हे कसे? कोलंबियाचे डॉक्टर रोबेर्तो फ्रांको यांनी 1907 मध्येच मुझो भागात पाहिले होते की, मजुरांना हा रोग घरात नव्हे तर रानात, दिवसाढवळ्या लागतो. तेव्हा ते फारसे कुणी मनावर घेतले नव्हते. आता घ्यावे लागले. 1938 साली ब्राझीलमध्ये रानातल्या हिमागोगस जातीच्या डासांत पीतज्वराचा विषाणू सापडला.

तरी एक कोडे राहिलेच. रानात जमिनीवर उभे राहिले तर हे डास क्वचित चावायला येत. मग रोग लागतो कसा? आणि लागतो तो जास्त करून लाकूडतोड्यांना आणि रान साफ करणाऱ्यांनाच का? कोलंबियातले डॉक्टर होर्हे बोशेल यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात, की एकदा लाकूडतोडे मोठे झाड पाडत असता ते जवळ उभे होते. झाड कडाडून खाली आले आणि निळ्या, चमकदार डासांचे मोहोळच त्या माणसांभोवती उठले. ते होते हिमागोगस. एरवी शेंड्यावर राहणारे डास झाडाबरोबर खाली आले होते.

मग कोलंबियात उंच झाडांवर माच बांधून माणसे बसवली आणि कोणता डास किती उंचीवर चावतो हे मोजले. दिसले ते असे: रान म्हणजे एक घर नाही, माड्यांची हवेली आहे. तळाशी अंधार, गारवा, ओल. वर ऊन, वारा, ऊब. प्रत्येक डासाची माडी ठरलेली. हिमागोगस वरच्या माडीवरचा, भर दिवसा उडणारा. तिथे माकडे असतात, तो त्यांना चावतो, आणि रोग माकडांतच फिरत राहतो. माणूस खाली सुरक्षित असतो. पण झाड तोडले, की वरची माडी खाली येते. रानाच्या कडेला, जिथे ऊन जमिनीपर्यंत पोचते, तिथेही हा डास खाली उतरतो.

आता हवामानाचे पाहा. हा डास झाडाच्या ढोलीत, तोडलेल्या बांबूच्या पेरात, पाण्याच्या वर ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ढोली आटली तरी अंडी मरत नाहीत. उन्हाळाभर वाट पाहतात. पहिला पाऊस आला की काही फुटतात, काही मागे राहतात, दुसऱ्या-तिसऱ्या भिजण्याला फुटतात. आपला शेतकरी सगळे बियाणे एकाच पावसावर टाकत नाही, तसेच हे. म्हणून पावसाळ्यात डास वाढतात, आणि उबेत विषाणूही डासाच्या पोटात लवकर तयार होतो. 1948 साली पनामात हा रानटी रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत माकडे मारीत ग्वाटेमालापर्यंत गेला. 2017 साली त्याच एस्पिरितो सांतोमध्ये पुन्हा माकडे मेली, माणसेही मेली. 1937 पासून लस होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोचलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? पीतज्वर भारतात नाही, खरेच. पण 1957 साली शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, तेव्हा पहिली शंका पीतज्वराचीच आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी धावली. पुढे हेच बोशेल त्या कामासाठी भारतात आले. तिथे गुन्हेगार डास नव्हता, गोचीड होती. तोच हा माकडताप. 2015 नंतर तो गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गातही दिसला.

तेव्हा गुरुजींनी मुलांना एखादी पाणी भरलेली ढोली जरूर दाखवावी, आतल्या अळ्या मोजायला लावाव्यात. आणि रानात जाणाऱ्या सर्वांनी एवढे करावे: मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे. रानात काही बिघडले, की त्याची पहिली खबर बहुधा माकडच देते.