लखोटा, लिफाफा, पाकीट

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात माझ्या सेमिनरीच्या दिवसांतील काही पाकिटे आहेत. आतली पत्रे हाताळून हाताळून घडीवर विरली, पाकिटे मात्र टिकून राहिली. ती दुकानातील नव्हेत. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून आणि भाताची खळ लावून माझ्या आईने ती घरी केली होती. गेल्या नाताळापूर्वी धर्मग्रामातील मुलांना शुभेच्छापत्रांसाठी पाकिटे करण्यास शिकवायचे ठरले, तेव्हा नमुना म्हणून त्यांतील एक मी अलगद उकलले. त्या चार घड्यांमागे केवढा इतिहास दडला आहे, याचा शोध घ्यावासा तेव्हा वाटला.

प्रथम शब्दांकडे वळू. आपल्या भाषेत या वस्तूला तीन नावे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. 'लखोटा' लाखेवरून आला. लाखेने मोहोरबंद केलेले पत्र तो लखोटा. 'लिफाफा' अरबीतून आला. गुंडाळणे हा त्याच्या मुळाचा अर्थ, आणि कफनाच्या बाहेरील वस्त्रालाही तोच शब्द आहे. 'पाकीट' इंग्रजांच्या टपालाबरोबर आले आणि आता खिशातील पैशांच्या पाकिटापर्यंत पसरले आहे. याखेरीज दरबारी व्यवहारात 'खलिता' होता. राजेरजवाड्यांची पत्रे किनखाबाच्या थैलीत घालून, थैलीचे तोंड बांधून, वर मोहोर लावून पाठविली जात. आतील मजकुराइतकाच थैलीच्या कापडाचाही अर्थ लावला जाई!

परंतु कागदाच्याही फार पूर्वी लखोटा अस्तित्वात होता हे सांगितले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. आजच्या तुर्कस्तानातील कुलतेपे येथे, म्हणजे प्राचीन कानेश नगरात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी असिरियन व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. तेथील उत्खननात वीस हजारांहून अधिक मृत्तिकापट्टिका सापडल्या. ओल्या मातीच्या पट्टीवर कीलाक्षरांत पत्र किंवा करार लिहायचा, ती वाळली की तिच्याभोवती मातीचाच पातळ थर लपेटायचा आणि त्यावर मुद्रा उमटवायच्या, अशी त्यांची रीत होती. कर्जाच्या कराराचा मजकूर पुष्कळदा त्या मातीच्या पाकिटावरही पुन्हा लिहीत. बाहेरच्या मजकुरात कोणी फेरफार केल्याचा वाद उपस्थित झाला तर पाकीट फोडून आतील पट्टी पाहता येई. कर्ज फिटेपर्यंत न फुटलेले पाकीट हाच विश्वासाचा पुरावा होता.

याहूनही प्राचीन काळातील, हिशोबाचे छोटे मातीचे खडे आत ठेवून बंद केलेल्या पोकळ गोळ्यांना पुरातत्त्वज्ञ 'बुल्ला' म्हणतात. हा लॅटिन शब्द आपल्या परिचयाचा आहे. पोप महोदयांच्या गंभीर आज्ञापत्राला 'बुल' म्हणतात ते त्याला लटकणाऱ्या शिशाच्या मुद्रेवरून, आणि त्या मुद्रेचे नाव 'बुल्ला'च. परमगुरूंच्या देहावसानानंतर त्यांची 'कोळ्याची मुद्रिका' निकामी करण्याची प्रथाही याच काळजीतून आली. त्यांच्या नावाने मागाहून कोणी पत्र मोहोरबंद करू नये.

युरोपात कागद रुळल्यावरही पाकीट कित्येक शतके आलेच नाही. पत्राचाच कागद दुमडून, त्याचीच पट्टी कापून, ती चिरेतून ओवून पत्र कुलूपबंद करीत. स्कॉटलंडच्या मेरी राणीने ८ फेब्रुवारी १५८७ रोजी, शिरच्छेदाच्या काही तास आधी, फ्रान्सच्या राजाला लिहिलेले पत्र अशाच सर्पिल पद्धतीने बंद केले होते. ते कागद फाडल्यावाचून उघडता येत नसे.

पाकीट न वापरण्यामागे एक रोकडे कारणही होते. इंग्लंडात टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट आकार! रोलंड हिल यांच्या सुधारणेने १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्राला, अंतर कितीही असो, एक पेनी दर झाला. वजन मोजले जाऊ लागले आणि पाकीट मोकळे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात पहिल्या तिकिटाबरोबर सरकारने विल्यम मलरेडी या चित्रकाराकडून सजविलेले छापील पाकीटही काढले. ब्रिटानिया देवी सर्व जगाला दूत धाडीत आहे, असे त्यावरील भव्य चित्र. लोकांनी त्याची इतकी टर उडविली की ते लवकरच मागे घ्यावे लागले. पुढे १८४५ मध्ये एडविन हिल आणि वॉरन डी ला रू यांनी पाकिटे घडविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले.

आपल्याकडे १८५२ मध्ये सिंध प्रांतात निघालेल्या पहिल्या तिकिटांपैकी एक लाल चकतीवर उठविलेले होते. ती चकती ठिसूळ असल्याने तडकत असे. लखोट्याच्या लाखेने जाता जाता दिलेला हा शेवटचा त्रासच म्हणावा. १८५४ पासून पाव तोळा वजनाच्या पत्राला सर्व देशभर अर्धा आणा लागू लागला.

पाकीट स्वस्त झाले. पण ते बंद राहील याची हमी कोणी द्यावी? १८४४ मध्ये लंडनमध्ये निर्वासित असलेले इटलीचे मॅझिनी यांना आपली पत्रे वाटेत उघडली जात असल्याचा संशय आला. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी पत्रांत खसखशीचे दाणे व वाळूचे कण घालून पाहिले. पत्रे आली, दाणे आले नाहीत. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या आज्ञेने हे चालले होते, हे उघड झाल्यावर पार्लमेंटात वादळ उठले. आपल्याकडेही विशिष्ट प्रसंगी टपाल अडविण्याचा अधिकार १८९८ च्या कायद्यात सरकारला होता आणि २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही तो आहे. राष्ट्ररक्षणासाठी असा अधिकार असावा हे मला पटते. पण तो वापरणाऱ्याचा हात थरथरावा, असेही वाटते.

वापरलेल्या पाकिटाचे मोल गांधीजींइतके कोणी जाणले नसेल. २ जून १९४७ हा सोमवार, त्यांच्या मौनाचा दिवस होता. फाळणीच्या योजनेसंबंधी माउंटबॅटन बोलले आणि गांधीजींनी उत्तरे लिहिली ती जुन्या पाकिटांच्या पाठीवर.

आता थोडे व्यवहाराचे. लग्नपत्रिका आधी छापून मग तिच्या मापाचे पाकीट शोधत बाजारभर फिरणारी कुटुंबे मी दरवर्षी पाहतो. पाकीट आधी ठरवावे. ए-फोर कागदाची (२१० × २९७ मि.मी.) तीन आडव्या घड्यांची पत्रे ११० × २२० मि.मी.च्या लांबट पाकिटात बसतात. तोच कागद एकदा दुमडला तर १६२ × २२९चे, चौघडी केली तर ११४ × १६२चे पाकीट लागते. बाप्तिस्म्याचे किंवा विवाहाचे दाखले घडी न करता २२९ × ३२४च्या पाकिटात पाठवावेत, आणि दूर जायचे असतील तर आतून कापड लावलेले पाकीट घ्यावे. रजिस्टर्ड टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, हे वयोवृद्धांनी ध्यानात ठेवावे. मिस्सेच्या हेतूसाठी मात्र कोणतेही पाकीट चालते. दानाच्या पाकिटावर देणाऱ्याचे नाव छापण्याची टूम मला रुचत नाही.

घरी करायचे असेल तर आईचीच रीत सांगतो. ए-फोर कागदातून २१ सेंटीमीटरचा चौरस कापावा आणि एक कोपरा आपल्याकडे येईल असा तिरका ठेवावा. चौघडी केलेले पत्र मध्यभागी आडवे ठेवून डावा व उजवा कोपरा आत दुमडावा. चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. खालचा कोपरा वर आणून दोन्ही बाजूंच्या पाळ्यांवर चिकटवावा. पत्र जरा हलवून पाहावे, खळ आत उतरली असेल तर ते अडकते. पाळ्यांच्या सांध्यांतील जादा कागद कात्रीने उडवावा. वरची पाळी शेवटी. खळ पातळच हवी. जाड खळीने कागद सुरकुततो आणि झुरळांना मेजवानी होते.

आमच्या सेमिनरीत घरची पत्रे उघडून मग हाती देण्याची जुनी प्रथा तेव्हा अजून शिल्लक होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे सहज बोलून गेलो. आई काही बोलली नाही. तिला लिहिता येत नसे. ती सांगे आणि मोठी बहीण लिही. पुढच्या पत्राच्या अखेरीस बहिणीने लिहिले होते, "आई म्हणते, आपल्या शेतातल्या नव्या भाताचे पाच दाणे घातले आहेत. पोचले का कळव."

मी पाकीट उलटे करून झटकले. दोन दाणे पडले. मॅझिनीची गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. आईला तर ती कधीच ठाऊक झाली नाही. पत्रे उघडणारे आमचे वरिष्ठ मनाने कठोर नव्हते, उरलेले तीन दाणे त्यांच्या टेबलाखाली कोठेतरी घरंगळले असतील. उलट टपाली मी बहिणीला लिहिले, "आईला सांग, पाचही पोचले."