दूरच्या नगरांचे आवाज

अमेरिकेंतील साठी-सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांच्या आठवणी वाचतांना एक तक्रार पुनःपुन्हां आढळते. त्यांच्या तरुणपणीं प्रत्येक मोठ्या शहरास रॉक संगीताचें आपलें असें एक नभोवाणी-केंद्र होतें. उन्हाळ्यांतील एखाद्या दिवशीं यंत्राचा कांटा हलकेच फिरविला असतां हजार मैलांवरील दुसऱ्या शहराचें केंद्र अकस्मात् ऐकूं येई. आतां तें सुख उरलें नाहीं, असें ते म्हणतात. ही हळहळ म्हणजे केवळ वार्धक्याचा धर्म होय असें म्हणून तिची बोळवण करणें सोपें आहे. परंतु आमच्या मतें या तक्रारीच्या बुडाशीं एक ऐतिहासिक सत्य आहे, आणि तें ओळखणें आपल्याही हिताचें आहे.

या कथेचा आरंभ एड्विन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या न्यूयॉर्कच्या संशोधकापासून करावा लागतो. ध्वनीनुसार रेडिओलहरींची उंची कमीजास्त करण्याऐवजीं त्यांची कंपनसंख्या कमीजास्त केली, तर विजांच्या कडकडाटानें होणारी खरखर टाळतां येते, हें त्यानें सिद्ध केलें. या शोधाचे हक्क त्यास १९३३ सालीं मिळाले. १९३५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या रेडिओ-अभियंत्यांपुढें त्यानें त्याचें प्रात्यक्षिक केलें. हीच आजची एफ्. एम्. पद्धति. तिला प्रथम ४२ ते ५० मेगासायकलांचा पट्टा देण्यांत आला होता. १९४५ सालीं सरकारी दळणवळण आयोगानें तिला तेथून उठवून ८८ च्या वरच्या पट्ट्यांत नेलें, आणि लोकांनीं विकत घेतलेलीं लाखों यंत्रें निरुपयोगी झालीं. जुन्या पट्ट्यांत दूरदूरचीं केंद्रें एकमेकांच्या क्षेत्रांत घुसतील, असें कारण या निर्णयासाठीं पुढें करण्यांत आलें. आर्मस्ट्राँगला तें मुळींच पटलें नाहीं. पुढें आपल्या हक्कांसाठीं वर्षानुवर्षें कोर्टकज्जे करून थकलेल्या या माणसानें १९५४ सालीं आत्महत्या केली. ज्या घुसखोरीचें आयोगास भय वाटलें, तीच पुढच्या पिढीच्या श्रोत्यांस पर्वणी वाटली, हा इतिहासाचा विनोद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

एफ्. एम्. च्या लहरी सामान्यतः क्षितिजाच्या फारशा पलीकडे जात नाहींत. त्यामुळें असें केंद्र स्वभावतःच एका शहराचें आणि त्याच्या आसमंताचें असतें. परंतु कित्येक वर्षें मालकमंडळी आपल्या जुन्या पद्धतीच्या केंद्राचाच कार्यक्रम त्यावरून पुन्हां ऐकवीत असत. १९६४ सालीं आयोगानें नियम केला कीं, लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफ्. एम्. केंद्रानें निम्मा वेळ तरी स्वतंत्र कार्यक्रम दिला पाहिजे. बऱ्याच चालढकलीनंतर १९६७ च्या सुमारास तो अंमलांत आला. मालकांजवळ वेळ होता, पण कार्यक्रम नव्हता; उलटपक्षीं तरुणांजवळ संगीत होतें, पण त्यास जागा नव्हती. नियमानें या दोघांची गांठ घालून दिली.

त्याच वर्षाच्या एप्रिलांत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या के.एम्.पी.एक्स्. केंद्रावर टॉम डॉनह्यू या निवेदकानें नवी रीत पाडली. जुन्या केंद्रांवर तीन-तीन मिनिटांचीं ठराविक गाणीं आणि निवेदकाची आरडाओरड चाले. डॉनह्यूनें निवेदकांस आपल्या पसंतीच्या ध्वनिमुद्रिका लावण्याची मुभा दिली. दीर्घ रचनाही अखंड ऐकूं येऊं लागल्या. १९६८ सालीं तेथील नोकरवर्गानें संप केला आणि बरीच मंडळी के.एस्.ए.एन्. या दुसऱ्या केंद्राकडे गेली. त्याच वर्षाच्या मार्चांत बोस्टनचें डब्ल्यू.बी.सी.एन्. हें अभिजात पाश्चात्य संगीताचें केंद्रही रॉककडे वळलें. न्यूयॉर्कमध्यें डब्ल्यू.एन्.ई.डब्ल्यू., क्लीव्हलंडमध्यें डब्ल्यू.एम्.एम्.एस्. अशीं केंद्रें नांवारूपास आलीं. आपल्या शहरांतले वादक, तेथले जलसे, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्धच्या सभा, या साऱ्यांस तेथें वाव मिळूं लागला.

आतां दूरश्रवणाकडे वळूं. उत्तर गोलार्धांत मे ते ऑगस्टच्या दरम्यान जमिनीपासून सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर विद्युत्कणांचे दाट पुंजके अधूनमधून तयार होतात. एरवीं अवकाशांत निघून जाणाऱ्या लहरी त्यांवरून परत फिरतात आणि हजार-दीड हजार मैलांवर उतरतात. दुसरें कारण याहून जवळचें आहे. खालची हवा थंड व वरची उष्ण असा उलटा थर जमला, म्हणजे लहरी त्याखालीं कोंडल्या जाऊन नळींतून वाहावें तशा दूरवर जातात. समुद्रावर किंवा मोठ्या सरोवरांवर असें विशेष घडतें. आपल्याकडेही याचा दाखला आहे: दुसऱ्या महायुद्धांत मुंबईच्या रडार यंत्रास पावसाळ्यापूर्वींच्या उष्ण दिवसांत हजार मैलांपलीकडचा अरबस्तानचा किनारा दिसत असे.

एफ्. एम्. यंत्राचा आणखी एक स्वभाव आहे. एकाच जागीं दोन केंद्रें आलीं, तर त्यांची मिसळ होत नाहीं. जें प्रबळ तें ऐकूं येतें, दुर्बळ तें दबून जातें. म्हणून दूरचें केंद्र आलें, म्हणजे जवळचा आवाज एकाएकीं नाहींसा होऊन परका आवाज त्याच्या जागीं उभा राही. तो कोणत्या गांवचा हें ओळखावयाचें कसें? दुकानाच्या जाहिरातीवरून, रस्त्याच्या नांवावरून, हवामानाच्या बातमीवरून. या श्रवणाचा सारा रस या ओळख पटण्यांत होता. मग श्रोता केंद्रास पत्र लिही, आणि पोंचपावती आली कीं ती जपून ठेवी.

ही स्थिति कायम राहिली नाहीं. सुवर्णयुगाचा शेवट बाहेरच्या शत्रूनेंच केला असें मात्र म्हणतां येणार नाहीं. सत्तरीच्या दशकांतच सल्लागार मंडळी पुढें आली, गाण्यांच्या याद्या वरून ठरूं लागल्या आणि निवेदकाची निवड संपत आली. पुढें ऐंशीच्या दशकांत जुनें रॉकच ‘क्लासिक’ म्हणून विकण्याचा प्रघात पडला. म्हणजे स्मरणरंजन हाच व्यापार झाला. परंतु निर्णायक घाव १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें घातला. तोंवर एका मालकास साऱ्या देशांत चाळीसच केंद्रें बाळगतां येत. ही मर्यादा उठली, आणि कांहीं वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीजवळ बाराशेंहून अधिक केंद्रें जमा झालीं. एका शहरांत बसून बोललेलें निवेदन ध्वनिमुद्रित होऊन अनेक शहरांत ऐकूं येऊं लागलें. न्यूयॉर्कच्या उपरोक्त केंद्रानें १९९९ सालीं रॉक सोडलें. बोस्टनचें २००९ सालीं आपल्या जागेवरून उठलें.

आकाशांतले थर मात्र बदललेले नाहींत. आजही उन्हाळ्यांत लहरी परततात आणि हजार मैलांवरचें केंद्र ऐकूं येतें. परंतु तेथेंही तींच गाणीं आणि तोच आवाज असेल, तर तें दूरचें आहे हें श्रोत्यास कळावें कशावरून? ज्यास स्वतःचें गांव नाहीं, तें कितीही लांबून आलें तरी लांबचें वाटत नाहीं. वृद्ध श्रोत्यांची हळहळ आम्हांस सार्थ वाटते ती यासाठीं. इंटरनेटवर जगांतील हजारों केंद्रें ऐकतां येतात, हें उत्तर त्यांस पुरत नाहीं. कारण उणीव अंतर तोडण्याच्या साधनाची नसून, ज्याकडे कान लावावा अशा स्थानिक आवाजाची आहे.

आपल्याकडे खाजगी एफ्. एम्. २००१ सालीं आलें. सांगली, रत्नागिरी, जळगांव येथील आकाशवाणी केंद्रांवरून तेथल्या मातीची बोली ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस या प्रश्नाचें मोल सांगावयास नको. शहराशहरांतून एकाच सांच्याची बडबड ऐकूं येऊं लागली, तर ती निवड कोणी व कोणत्या नियमानें केली, हें आपण वेळींच विचारलें पाहिजे. अमेरिकेंत एका नियमानें स्थानिक आवाजास जन्म दिला आणि दुसऱ्या कायद्यानें तो क्षीण केला. यंत्रें दोन्ही वेळीं तींच होतीं.