ग्रंथालयाच्या अंगणांतील काठी

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून एक जुनें स्थळ आहे. कोयनेकांठचें पाटण तें नव्हे. नामसादृश्यानें घोटाळा होतो, म्हणून आरंभींच सांगितलेलें बरें. तेथील शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा व इ. स. १२०७ च्या सुमारास निकुंभ राजांनीं त्यास दान दिल्याचा उल्लेख आहे. ग्रंथ आणि आकाश यांची महाराष्ट्रांतील सांगड इतकी जुनी!

पुढें ती सैल झाली. इंग्रजी अमदानींत ठिकठिकाणीं वाचनालयें निघालीं, पण वाचक तेथें बसून वाची आणि नक्षत्रें पंचांगांत राहत. हा प्रघात मोडण्याचा एक ठळक यत्न एका शाळामास्तरानें केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचें दुसरें नांव ‘रात्रीची दोन घटका मौज’. तें नांवच सांगतें कीं, वाचकानें पुस्तक घेऊन अंगणांत यावें. १९४४ सालीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, आणि हौशी निरीक्षकांना एकत्र येण्यास जागा मिळाली. १९८८ सालीं स्थापन झालेल्या आयुका या संस्थेनें पुढें पु. ल. देशपांडे यांच्या नांवें मुक्तांगण विज्ञान शोधिका उघडली. तेथें मुलें टाकाऊ वस्तूंतून शास्त्र आपल्या हातांनीं घडवूं लागलीं.

परंतु पुणें सर्वांना जवळ नाहीं. मग कोयनानगरच्या मुलांनीं काय करावें? याचें उत्तर एका ग्रंथपालानेंच देऊन ठेविलें आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत आलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस यानें दोन नगरांतील मध्यान्हींच्या सावल्या ताडून पृथ्वीचा परीघ काढला. त्याचें गणित सर्व सांगतात. त्याचा हुद्दा मात्र विसरतात.

कोयनानगर उत्तर अक्षांश १७ अंश २४ कलांवर आहे. पुणें जवळजवळ त्याच रेखांशावर, उत्तरेस सुमारें १२४ किलोमीटर. मे महिन्याच्या ९-१० तारखांस, दुपारीं साडेबाराच्या सुमारास, कोयनानगरांत उभ्या काठीची सावली नाहींशी होते. त्याच वेळीं पुण्यांतील मीटरभर काठीची सावली सुमारें दोन सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन १.१ अंश येतो. १२४ किलोमीटरांस १.१ अंश, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिकानें परीघ ४०,००० किलोमीटरांच्या आसपास येतो. सूर्यबिंबास रुंदी असल्यामुळें सावलीची कड पुसट दिसते आणि मुलांचें उत्तर चुकतें, चुको बापडें! दोन सेंटिमीटरांत पृथ्वी मोजतां येते, हें तर हातीं लागलें.

मात्र मे महिना सुट्टीचा. सूर्य दुसऱ्यांदा माथ्यावर येतो तो ऑगस्टच्या आरंभीं, आणि तेव्हां कोयनेच्या खोऱ्यांत पावसामुळें त्याचें दर्शनच दुर्लभ. म्हणजे वर्षांतून हातीं येण्यासारखी ही एकच वेळ, आणि नेमकें त्या दिवसांत शाळेला कुलूप! वाचनालयाचें दार तेवढें उघडें असतें. ओळंब्यानें सरळ उभी केलेली काठी, एक पट्टी आणि पुण्यांतील एखाद्या वाचनालयाशीं त्या घटकेस बोलण्यापुरता दूरध्वनि, एवढ्यावर काम भागतें.